परिपूर्ण गाण्याचा ध्यास आणि स्वतःवरचा अविश्वास: संगीताच्या विद्यार्थ्यांनी काय करावे?

विलंबित (नाशिक)

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये संगीत विषय घेऊन एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकत असून गायन हा माझा मुख्य विषय आहे. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा मी शाळेत असल्यापासून देत आले आणि विशारद होईपर्यंत मला गाण्याची अशी धास्ती कधी वाटली नव्हती. गेल्या काही महिन्यांत माझ्या रियाजाचे जे झाले आहे, ते मला नीट समजून घ्यायचे आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

या सत्रात मंचप्रदर्शनासाठी मी पूरिया राग निवडला आहे. संध्याकाळी तानपुरा लावून बसते, विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालातला ख्याल सुरू करते, आणि मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना गंधार मनासारखा लागला नाही की थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. पुष्कळदा सगळा वेळ स्थायीतच, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागातच, जातो आणि पुढच्या अंतऱ्याला हातही लागत नाही. स्वर बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी मोबाइलवर सूर मोजणारे ॲप समोर उघडे ठेवते; त्यातली सुई मधल्या रेषेवर स्थिरावली नाही, तर पुढे जाण्याचा धीर होत नाही. प्रत्येक रियाज रेकॉर्ड करते, तिथल्या तिथे ऐकते आणि बहुतेक वेळा पुसून टाकते.

सरांनी "छान झाले" म्हटले, तर ते माझे मन राखण्यासाठी म्हणाले असे वाटते. त्यांनी चूक दाखवली, तर ती मात्र तत्काळ पटते आणि कितीतरी दिवस डोक्यातून जात नाही. विभागाच्या अलीकडच्या कार्यक्रमातून मी घसा बसल्याचे सांगून नाव मागे घेतले. वर्गातल्या आणखी दोघीजणींशी बोलल्यावर कळले की त्यांचेही थोड्याफार फरकाने असेच चालले आहे, फक्त आम्ही कोणी एकमेकींना सांगितले नव्हते.

काही जण म्हणतात की कान तयार झाल्यामुळे चुका जास्त ऐकू येतात, म्हणजे ही प्रगतीच आहे. ते खरे असेल, तर कान असाच तीक्ष्ण ठेवून गाता कसे येईल? आत्मविश्वास वाढवा, लोकांचा विचार करू नका, हे सल्ले मला मिळालेले आहेत आणि ते पटतातही, परंतु प्रत्यक्ष स्वर लावताना त्यांचा आधार होत नाही. रियाजात नेमके काय बदलावे, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?


मंद्रषड्ज

मी अनेक वर्षे नाशिकमध्ये गायन शिकवते आणि तुम्ही लिहिलेली अवस्था माझ्याकडे येणाऱ्या चांगल्या विद्यार्थ्यांत मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे; ज्यांना सुराची फारशी फिकीर नसते, त्यांच्यात ती दिसत नाही.

सर्वांत आधी ते ॲप बंद करा, कारण ते तुम्हाला बरोबर स्वर चुकीचा असल्याचे सांगत असण्याची शक्यता आहे. अशी बहुतेक ॲप सप्तकाचे बारा समान भाग धरून चालतात. तानपुऱ्याच्या षड्जाच्या तारेत जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो या समान मोजणीत बसत नाही: लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचे 100 भाग केले, तर तानपुऱ्यातला गंधार ॲपमधल्या गंधारापेक्षा सुमारे 14 भाग खाली असतो. म्हणजे तुम्ही डोळे मिटून, तानपुऱ्यात मिसळून जाईल असा गंधार लावलात, की सुई डावीकडे झुकणार आणि तुम्ही स्वतःला बेसूर ठरवणार. पूरियाचा वादी, म्हणजे सर्वांत मुख्य, स्वरच गंधार आहे! ज्या स्वरावर सगळा राग उभा करायचा, नेमक्या त्याच स्वराबद्दल यंत्राने तुमच्या मनात संशय पेरला आहे. सुरांचा निवाडा तानपुऱ्याकडे द्या. पूरियात पंचम नसल्यामुळे पहिली तार पंचमाऐवजी निषादात मिळवा, तानपुरा जमेल तेवढा नीट जुळवा आणि मग गंधार लावून तो त्या नादात विरघळतो की वेगळा टोचतो, एवढेच ऐका.

दुसरी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची. आपल्या रियाजात घोटणे आणि मांडणे ही दोन निराळी कामे आहेत आणि तुम्ही ती एकाच वेळी करत आहात. घोटताना एखादी जागा, समजा मंद्र (खालच्या) सप्तकातल्या तीव्र मध्यमावरून धैवत, निषाद, रिषभ घेत षड्जावर येण्याची, वीस वेळा, पन्नास वेळा म्हणावी, थांबावे, तपासावे, पुन्हा म्हणावी. तिथे चिकित्सा जितकी कडक तितकी चांगली. मांडताना मात्र तबला किंवा तालयंत्र सुरू केले की ठरवलेला वेळ संपेपर्यंत थांबायचे नाही; स्वर निसटला तरी तालाच्या पुढच्या फेरीत, पुढच्या आवर्तनात, जायचे, अंतरा घ्यायचा, द्रुत बंदिश घ्यायची, आणि काय निसटले ते संपल्यावर लिहून ठेवायचे. आज जे लिहून ठेवले, ते उद्याच्या घोटण्यात घ्यायचे. चूक झाली की थांबायचे, ही सवय एकदा अंगवळणी पडली की मंचावरही मन त्या क्षणी थांबते, आणि मग पुढचे आवर्तन सुचत नाही. अतिविलंबित लयीत एका आवर्तनाला पाऊण मिनिट किंवा त्याहूनही जास्त वेळ जातो, त्यामुळे शंकेला बोलायला भरपूर सवड मिळते. तेवढ्या वेळात रागाचा पुढचा विचार करण्याची सवय मांडण्याच्या रियाजानेच लागते.

आता मला जे मनापासून महत्त्वाचे वाटते ते लिहिते. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि गाणे शिकण्याची वाट सामान्य घरांतल्या मुलामुलींसाठी मोकळी झाली. पंडितजींचा उत्तरकाळातला आश्रम आपल्या नाशिकचाच, त्यांचे पुत्र द. वि. पलुसकर 1921 मध्ये जन्मले तेही इथेच, त्यामुळे या वारशाबद्दल मला कृतज्ञतेखेरीज दुसरे काही वाटत नाही. मात्र गुरूच्या घरी राहून शिकणाऱ्या शिष्याचे अर्धेकच्चे गाणे गुरूच्या कानावर रोज पडत असे. स्वयंपाकघरात काम करता करता, दुसऱ्या खोलीतून, "तो धैवत नको इतका धरू" असे सांगणारे कोणीतरी असे. आज विद्यापीठाच्या वर्गात दहापंधरा विद्यार्थ्यांमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला थोडी मिनिटे येतात आणि त्यानंतर थेट अंतर्गत परीक्षा, तोंडी परीक्षा, मंचप्रदर्शन. म्हणजे तुमचे गाणे कोणी ऐकते तेव्हा त्याला गुण तरी द्यायचे असतात किंवा टाळ्या तरी. तयार होत असलेले, मध्येच मोडणारे गाणे ऐकवण्याची जागाच उरलेली नाही. अशा ठिकाणी हुशार मुले साहजिकच कच्चे गाणे लपवू लागतात, आणि जे लपवले जाते त्याची लाज वाटू लागते. म्हणून तुमच्या त्या दोन मैत्रिणींना सोबत घ्या आणि आठवड्यातून एकदा एकमेकींना फक्त अपुरे गाणे ऐकवा. बसवून झालेले, पाठ झालेले काही त्या दिवशी गायचे नाही, असा नियमच करा.


डग्गा

मी तबल्याची साथ करतो, मैफलीत आणि ध्वनिमुद्रणालाही. मंद्रषड्ज ताईंनी रियाजाबद्दल लिहिलेले सर्व मान्य आहे. मी फक्त साथीला बसणाऱ्याच्या जागेवरून दोन गोष्टी सांगतो.

ज्यांचे गाणे ऐकायला कालिदास कलामंदिर भरते, त्यांच्याही मुखड्याची पकड कधी सैल होते, समेला ते अंमळ उशिरा येतात, एखाद्या तानेचा शेवट दोन मात्रा आधीच संपतो. आम्ही ठेका स्थिर ठेवतो, ते पुढच्या आवर्तनात ती जागा भरून काढतात आणि श्रोत्यांना त्याचा पत्ता लागत नाही, किंवा लागला तरी त्याचे काही वाटत नाही. साथीदार त्यासाठीच असतो. तुम्ही एकट्याने तालयंत्रावर गाता तेव्हा सावरून घेणारे कोणी नसते आणि प्रत्येक चूक उघडी पडते; म्हणून शक्य तितक्या लवकर प्रत्यक्ष तबल्याबरोबर बसा. तुमच्याच महाविद्यालयात तबला शिकणारे विद्यार्थी असतील आणि त्यांनाही विलंबित ख्यालाच्या साथीचा सराव हवाच असतो.

दुसरी गोष्ट, तुम्ही स्वतःची तुलना कोणत्या रेकॉर्डिंगशी करता ते पाहा. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे, त्यामुळे गायक आपले सर्वांत पक्के तेवढेच त्यात गात. आजच्या स्टुडिओत एकच कडवे चार वेळा घेतले जाते, त्यातले बरे बरे तुकडे जोडले जातात, आणि 1997 मध्ये ऑटोट्यून आल्यापासून निसटलेला स्वर नंतर जागेवर नेऊन बसवता येतो. भावगीत आणि चित्रपटसंगीतात हे सर्रास चालते. अशा रेकॉर्डिंगशी आपल्या संध्याकाळच्या रियाजाची तुलना करणे अन्यायाचे आहे. तुलनाच करायची, तर जुन्या मैफलींची न कापलेली ध्वनिमुद्रणे ऐका, ज्यांत खोकला, तानपुरा पुन्हा जुळवणे आणि साथीदाराला केलेली सूचना हे सगळे तसेच राहिलेले असते.

रेकॉर्डिंग मात्र बंद करू नका. ते लगेच ऐकू नका आणि पुसू नका, एवढेच. आठवडा गेल्यावर ऐकले की गाताना लागलेली तगमग कानातून निघून गेलेली असते आणि माणूस दुसऱ्या कोणाचे गाणे ऐकावे तसे ऐकतो.


शरणपूर रोड

मी समुपदेशक आहे आणि माझ्याकडे महाविद्यालयीन विद्यार्थी बरेच येतात. संगीतातले मला फारसे कळत नाही, म्हणून माझ्या क्षेत्रापुरतेच लिहिते.

पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये परिपूर्णतेच्या आग्रहाचे तीन प्रकार मांडले: आपण स्वतः निर्दोष असावे हा आग्रह, दुसऱ्यांनी निर्दोष असावे हा आपला आग्रह, आणि इतरांना आपल्याकडून निर्दोषपणाच हवा आहे अशी आपली समजूत. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी 1989 ते 2016 या काळातल्या अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा तिन्ही प्रकार वाढलेले दिसले आणि तिसरा सर्वांत जास्त, सुमारे 33 टक्क्यांनी. ती आकडेवारी आपल्याकडची नाही, पण तिसरा प्रकार तुमच्या लेखनात मला स्पष्ट दिसतो. गंधार चुकला याचे दुःख एक, आणि गंधार चुकला म्हणून मी इथे बसण्याच्या लायकीची नाही हे दुसरे. पहिले दुःख कलेचे आहे, ते राहू द्यावे. दुसऱ्याकडे लक्ष द्यायला हवे.

कौतुक खोटे आणि टीका खरी वाटणे यावरही जुने संशोधन आहे. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी 1978 मध्ये कर्तबगार स्त्रियांबद्दल लिहिताना नोंदवले होते की पदव्या आणि यश हाती असूनही त्यांना आपण लोकांना फसवत आहोत आणि एक दिवस उघडे पडू, असे वाटत राहते. तुम्ही आणि तुमच्या दोघी मैत्रिणी एकमेकींपासून हेच लपवत होतात, आणि बोललात तेव्हा ते तिघींचे निघाले, ही फार मोलाची गोष्ट घडली आहे. ती सुटू देऊ नका.

मंचावर जाताना छातीत धडधडणे, तोंड कोरडे पडणे, श्वास वरच्यावर चालणे हे शरीराचे नेहमीचे काम आहे. श्वास उथळ झाला की लांब आलाप तुटतो आणि गायकाला वाटते की आपली तयारीच नाही. आत जाण्यापूर्वी काही मिनिटे श्वास सावकाश, घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून, सोडत राहिल्यास बराच फरक पडतो. कोणी धडधड थांबवणारी गोळी सुचवली, तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये. प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध दमा असलेल्या व्यक्तीला धोक्याचे ठरू शकते. आणि झोप उडाली असेल, जेवण नकोसे झाले असेल, गाण्याखेरीज इतर गोष्टींतलाही रस गेला असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल, तर प्रत्यक्ष भेटून मदत घ्या. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.


गोदाकाठ

वरचे सर्व प्रतिसाद वाचले. मी गातो थोडे आणि ऐकतो फार. माझे म्हणणे काहीसे वेगळे आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी त्याचाही विचार करावा, अशी विनंती आहे.

परिपूर्णतेचा ध्यास हा आजार असल्यासारखे बोलण्याची हल्ली पद्धत पडली आहे, ती मला घातक वाटते. किशोरीताई आमोणकर मैफलीआधी तानपुरे जुळवण्यासाठी किती वेळ घेत, याच्या आठवणी सांगणारे रसिक आजही भेटतात. तो काटेकोरपणा नसता तर तो स्वर आपल्याला ऐकायला मिळाला नसता. पूरियाच घ्या. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत तेच सहा स्वर आहेत. रिषभ-धैवतावर जरा जास्त थांबलात की मारवा डोकावतो, तार सप्तकात रमलात की सोहनी, आणि गंधार-निषाद धरून मंद्र-मध्यात राहिलात तरच पूरिया टिकतो. इतक्या बारीक फरकावर राग उभा असताना "चालते, पुढे जा" हे धोरण विद्यार्थ्याला सैल करते. विद्यापीठांतून पदव्या घेऊन बाहेर पडणाऱ्यांत सैलपणाच जास्त दिसतो, हेही कोणीतरी म्हटले पाहिजे.

मात्र एक फरक मी मान्य करतो. किशोरीताईंची सगळी काटेकोर वृत्ती तानपुऱ्यावर आणि स्वरावर खर्च होत असे, आणि तानपुरे लागले की गाणे सुरू होत असे. तुमची मात्र वारंवार स्वतःचा निकाल लावण्यात खर्च होते आणि गाणे सुरूच होत नाही. रागाबद्दल जितके कठोर राहता येईल तितके राहा. पूरियात मारवा येऊ देऊ नका, आला तर त्या रात्री झोप लागली नाही तरी चालेल. पण तो आला, हा दोष त्या आलापातला आहे आणि उद्या दुरुस्त होणार आहे.


मंद्रषड्ज

गोदाकाठ यांच्या प्रतिसादातल्या रागशुद्धीच्या मुद्द्याशी माझा वाद नाही. "पुढे जा" हे मी मांडण्याच्या रियाजापुरते म्हटले आहे. घोटताना एकही जागा सोडू नये, असेच मी सांगते. झोपेच्या बाबतीत मात्र मी सहमत नाही. रात्री झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी गळा ओढल्यासारखा होतो, खर्ज लागत नाही, आणि मग त्याच गळ्यावरून विद्यार्थी आपल्या योग्यतेचा अंदाज बांधतो. विसाव्या-बाविसाव्या वर्षी हे हमखास होते.


विलंबित (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. ॲप काढून टाकले आणि काल निषादात तार मिळवून बराच वेळ नुसता गंधार लावून बसले. तो तानपुऱ्यात मिसळल्याचे मला ऐकू आले, कोणी सांगावे लागले नाही. मैत्रिणींशी बोलले आहे. त्यातल्या एकीच्या घरी गंगापूर रोडला दर गुरुवारी बसायचे ठरले आहे आणि तबल्याच्या वर्गातला एक मुलगा साथीला यायला तयार झाला आहे. शरणपूर रोड ताई, झोपेबद्दल तुम्ही लिहिलेले माझ्या बाबतीत काही प्रमाणात खरे आहे, म्हणून मी महाविद्यालयाच्या समुपदेशकांची वेळ घेतली आहे.

एक शंका राहते. सरांशी हे कसे बोलावे? ते चांगले शिकवतात, पण त्यांच्याकडे वेळ फार थोडा असतो आणि मी गायले की ते "छान, असेच चालू ठेव" म्हणून पुढच्या विद्यार्थ्याकडे वळतात. मला घाबरायला होते असे सांगितले, तर ते मला मंचप्रदर्शनात कमी वेळ देतील, अशी भीती वाटते.


मंद्रषड्ज

सरांना घाबरण्याबद्दल लगेच सांगायलाच हवे असे नाही. ते तुम्हाला जमेल तेव्हा सांगा. तूर्त त्यांना प्रश्न विचारण्याची पद्धत बदला. "कसे झाले?" असे विचारले की घाईत असलेला शिक्षक "छान" म्हणतो, आणि तुमचा त्यावर विश्वास बसत नाही, कारण त्यात विश्वास ठेवण्यासारखे काही नसतेच. गाण्याआधीच सांगा की "सर, आज माझ्या आलापात मारवा कुठे डोकावतो तेवढे ऐकाल का?" किंवा "अंतऱ्याकडे जाताना तीव्र मध्यमावर मी जास्त थांबते का?" अशा प्रश्नाला त्यांना कान देऊनच ऐकावे लागेल आणि उत्तरही तेवढेच नेमके येईल. "दुसऱ्या आवर्तनात रिषभावर रेंगाळलीस, बाकी पूरिया स्वच्छ होता" असे ते म्हणाले, तर त्यातला दुसरा भाग तुम्हाला खरा वाटेल, कारण पहिला भाग त्यांनी ऐकून सांगितलेला असेल. एका वेळी एकच प्रश्न विचारा, उत्तर वहीत तारखेसह लिहा, आणि गुरुवारी मैत्रिणींसमोर गाताना तीच जागा त्यांनाही ऐकायला सांगा.